फोल्डर पुसला, पण चाव्या गेल्या असतील तर?

प्रश्न असा आला आहे: "सर, कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची सहा जणांची कंपनी आहे. गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचा आणि बिलांचा हिशेब ठेवणारं वेब अॅप आम्ही करून देतो. गेल्या सोमवारी एका सहकाऱ्यानं तारखा मराठीत दाखवायला एनपीएम या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या भांडारातून एक छोटं पॅकेज (दुसऱ्यानं लिहिलेला कोड) घेतलं. गुरुवारी बघितलं तर रजिस्ट्रीवर, म्हणजे त्या भांडाराच्या यादीत, त्या नावाखाली काहीच नाही, फक्त ०.०.१-सिक्युरिटी असं व्हर्जन. आम्ही लगेच उतरवलेली पॅकेजं जिथं बसतात तो नोड मॉड्यूल्सचा फोल्डर पुसला, अँटिव्हायरस दोनदा चालवला, काही सापडलं नाही. एवढं पुरे का? आणि साहेब म्हणतात, आता अपडेट करणंच बंद करायचं. ते बरोबर आहे का?"

पुरे नाही. बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी त्या सहकाऱ्याचा लॅपटॉप बंद करा. झाकण मिटून नव्हे, पॉवरचं बटण दाबून धरून पूर्ण बंद. आणि तोवर त्या मशीनवरून एकही पासवर्ड बदलू नका.

आता कारण सांगतो. ०.०.१-सिक्युरिटी ही एनपीएमच्या सुरक्षा टीमनं ठेवलेली पाटी असते. पॅकेज काढून टाकल्यावर तेच नाव दुसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून ती तिथं बसवतात. नाव नुसतं राखून ठेवायलाही ती क्वचित वापरतात, पण सोमवारी जिथं चालणारं पॅकेज होतं तिथं गुरुवारी ही पाटी लागली असेल, तर आत घातक कोड सापडला असंच धरून चालायचं. अशा पॅकेजबद्दल गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या सुरक्षा सूचनायादीत जी नोंद येते तिचा मथितार्थ नेहमी एकच असतो: ज्या संगणकावर हे इन्स्टॉल झालं तो पूर्णपणे हातचा गेला असं समजा, त्यावरच्या सगळ्या गुप्त चाव्या (पासवर्ड, टोकन वगैरे) लगेच बदला, आणि त्या दुसऱ्या संगणकावरून बदला. ती नोंद साचेबंद वाटते म्हणून लोक वाचून सोडून देतात. तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

तुम्ही जे पुसलं ते चोरीनंतर उरलेलं सामान होतं. एनपीएमच्या पॅकेजमध्ये 'पोस्ट-इन्स्टॉल' नावाची स्क्रिप्ट ठेवता येते. पॅकेज उतरवून झालं की ती आपोआप चालते, तुमच्या नावानं, तुमच्या सगळ्या अधिकारांसह. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यानं तारखा दाखवणारा कोड स्वतःच्या प्रोग्राममध्ये वापरायच्या आधीच, नुसतं इन्स्टॉल म्हणताक्षणी, एका अनोळखी माणसाचा प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपवर चालून गेला. त्याला लागतात काही सेकंद. घरच्या फोल्डरमधल्या, सर्व्हरवर शिरायच्या एसएसएच चाव्या, क्लाउडची क्रेडेन्शियल फाइल, एनपीएमचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी ओळख), गिटहबचं टोकन, प्रत्येक प्रोजेक्टमधली चाव्या लिहून ठेवलेली एन्व्ह फाइल, ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड: या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. शोधाशोध करावी लागत नाही. गोळा करायचं, पाठवून द्यायचं, स्वतःला पुसून टाकायचं. गुरुवारी तुम्ही फोल्डर पुसलात तेव्हा या गोष्टीला तीन दिवस झाले होते.

अँटिव्हायरसला काही सापडलं नाही यात नवल नाही. साधा जावास्क्रिप्टचा मजकूर, नोड या नेहमीच्या प्रोग्रामनं चालवलेला, नेहमीच्या एचटीटीपीएसनं बाहेर गेलेली विनंती. तुमचं स्वतःचं अॅप दिवसभर हेच करत असतं. २०१८ सालच्या इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या प्रकरणात तर घातक भाग कुलूपबंद करून ठेवला होता आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या पॅकेजमधलं वर्णनाचं वाक्य होतं. इतर कुणाच्याही प्रोजेक्टमध्ये तो कोड उघडतच नव्हता. लाखो ठिकाणी उतरला आणि गप्प बसून राहिला. तेव्हा 'काही सापडलं नाही' हे वाक्य या बाबतीत मनातून काढून टाका.

हे मी इतक्या पोटतिडकीनं सांगतोय, कारण हीच चूक मी केली आहे. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडं असाच प्रकार झाला. मी फोल्डर पुसला, स्वच्छ इन्स्टॉल केलं, मालकांना सांगितलं की झालं, काळजी नको. तीन आठवड्यांनी त्यांचं क्लाउडचं बिल आलं. त्यांनी कधी नावही न ऐकलेल्या देशातल्या डेटा सेंटरात त्यांच्या खात्यावर मशीनं चालू होती, रात्रंदिवस क्रिप्टो नाणी खोदत. बिलाचा आकडा त्यांच्या ऑफिसच्या वर्षाच्या भाड्याइतका होता. चावी बदलायला मला दहा मिनिटं लागली असती. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

लॅपटॉप बंद करायला का सांगितलं तेही समजून घ्या, कारण पुष्कळ ठिकाणी 'फक्त नेटवर्क तोडा, मशीन चालू ठेवा' असं वाचायला मिळेल. मीही पूर्वी तेच सांगायचो. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये शाय-हुलुद नावाच्या किड्याची (स्वतःहून पसरणाऱ्या घातक कोडची) दुसरी लाट आली, तेव्हा त्यात एक नवी गोष्ट होती: गिटहब आणि एनपीएम दोन्हीकडची वाट बंद झाली, की तो वापरणाऱ्याचा घरचा फोल्डर नष्ट करायला घ्यायचा. म्हणजे वायर काढली किंवा चालू मशीनवर असतानाच टोकन रद्द केलं, तर उरलेलंही जायची भीती. मोठ्या कंपनीत तपासासाठी मेमरी जपून ठेवायची असते, त्यांच्याकडं तशी माणसं असतात. सहा जणांच्या कंपनीत मी सरळ वीज तोडायला सांगतो.

मग दुसऱ्या, या प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या संगणकावर बसा. कागद-पेन घ्या आणि त्या लॅपटॉपवरून कुठंकुठं आत जाता येत होतं ते लिहून काढा. आठवणीवर जाऊ नका, सहकाऱ्याला शेजारी बसवा. सुरुवात डेटाबेस आणि सर्व्हरपासून करा, मग क्लाउड, मग गिटहब, मग एनपीएम. त्यानंतर पेमेंट गेटवे आणि एसएमएस पाठवायच्या सेवेच्या चाव्या, कारण तुमच्या नावानं शेतकऱ्यांना खोटा एसएमएस गेला तर तो कुणालाही खराच वाटेल. शेवटी ब्राउझरमधले पासवर्ड: मेल, बँक, जीएसटी पोर्टल. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग-आउट' हेही करा. चोरलेली कुकी (ब्राउझरमधली लॉगिन टिकवणारी खूण) पासवर्ड बदलल्यावरही बऱ्याच ठिकाणी चालत राहते. नवी चावी काढली की जुनी रद्द झाली असंही धरू नका. क्लाउडवर या दोन वेगळ्या कृती आहेत आणि दुसरी विसरलेली मी अनेकदा पाहिली आहे.

गिटहबवर मुद्दाम बघायच्या गोष्टी: तुम्ही न केलेली नवी रिपॉझिटरी (कोडचा संग्रह), खासगी असलेली अचानक सार्वजनिक झालेली रिपॉझिटरी, आपोआप चालणाऱ्या कामांची अनोळखी वर्कफ्लो फाइल, नवी एसएसएच चावी. ऑगस्ट २०२५ मध्ये एनएक्स या बिल्ड साधनाच्या पॅकेजमध्ये घुसलेल्या कोडनं चोरलेला माल बळीच्याच गिटहब खात्यात सार्वजनिक रिपॉझिटरी करून ठेवला होता. त्याच कोडनं मशीनवर एआयची कमांड-लाइन साधनं बसवलेली असतील तर त्यांनाच कामाला लावून गुप्त फाइली शोधायला सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात शाय-हुलुदची पहिली लाट आली. ती सापडलेल्या एनपीएम टोकननं त्या माणसाच्या इतर पॅकेजांमध्ये स्वतःला घालून पुन्हा प्रसिद्ध करायची. तुमच्या कंपनीची स्वतःची पॅकेजं रजिस्ट्रीवर असतील तर तीही तपासा.

लॅपटॉप फॉरमॅट करा. कोड गिटमधून परत घ्या, त्या लॅपटॉपवरच्या बॅकअपमधून नको. पुसण्याआधी एक काम मात्र करा: लॉकफाइल (कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन घेतलं त्याची यादी) आणि एनपीएमचे लॉग वाचवून ठेवा, डिस्क दुसऱ्या स्वच्छ सिस्टिमवरून नुसती वाचून. नेमकं कुठलं व्हर्जन किती वाजता उतरलं ते त्यातूनच कळेल. आणि गिटच्या इतिहासात बघा, सोमवार ते गुरुवार त्या लॉकफाइलमध्ये ते पॅकेज शिरलं होतं का; शिरलं असेल तर ती आणखी कुणी ओढून घेतली होती का, ते प्रत्येकाला विचारा. अॅप तयार करणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर ते पॅकेज उतरलं असेल, तर वर सांगितलेलं सगळं त्यालाही लागू, किंबहुना जास्तच, कारण खऱ्या चाव्या त्याच्याकडं असतात.

तुमच्या धंद्यातली खरी धोक्याची जागा वेगळीच आहे आणि ती कुठल्याही सूचनायादीत सापडणार नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये उत्पादकांचे बँक खाते क्रमांक आहेत. दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्या क्रमांकांवर पैसे जातात. डेटाबेसची चावी गेली असेल तर कुणीतरी चार-दोन क्रमांक गुपचूप बदलून ठेवले असतील. म्हणून पुढचं बिल बँकेकडं जायच्या आत, सोमवारच्या आधीच्या बॅकअपमधली खाते क्रमांकांची यादी आणि आजची यादी ओळ-ओळ ताडून बघा. मधल्या काळात झालेला प्रत्येक बदल संस्थेकडून तोंडी खात्री करून घ्या. हे काम रात्री जागून करावं लागलं तरी करा. म्हशीमागं राबणाऱ्या बाईचे दहा दिवसांचे पैसे आहेत ते.

सरकारी बाजू: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ते कंपन्यांनाही लागू आहे, छोट्या-मोठ्यात भेद नाही. उशीर झाला असेल तरी कळवा. पैसे गेल्याचं दिसलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, तिथं मिनिटं मोजली जातात.

आता हे पॅकेज आत आलं कसं, याकडं येऊ. लॉकफाइल बघितल्याशिवाय तुमच्या बाबतीत मी ठाम सांगू शकणार नाही, पण वाटा थोड्याच आहेत.

सगळ्यात जुनी वाट म्हणजे नावातला चकवा. २०१७ साली क्रॉस-एन्व्ह या प्रसिद्ध पॅकेजच्या नावातली आडवी रेघ काढून कुणीतरी क्रॉसएन्व्ह टाकलं. घाईत टाइप करणाऱ्यांच्या मशीनवरची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ते बाहेर पाठवायचं. पायथनच्या पायपीआय या भांडारात जेलीफिश नावाच्या पॅकेजची नक्कल होती, तिच्यात एका एलच्या जागी मोठा आय घातलेला. पडद्यावर दोन्ही अक्षरं सारखीच उभी रेघ दिसतात. एसएसएच आणि जीपीजी चाव्या चोरणारी ती नक्कल सुमारे वर्षभर तिथं होती, डिसेंबर २०१९ मध्ये काढली. हल्ली यात भर पडली आहे ती एआयची. कोड लिहून देणारं साधन कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव छातीठोकपणे सुचवतं, आणि तीच ती नावं पुन्हापुन्हा सुचवतं. ती नावं आधीच नोंदवून बसणं अवघड नाही. तारखा मराठीत दाखवणारं पॅकेज तुमच्या सहकाऱ्याला कुणी सुचवलं, हे त्याला प्रेमानं विचारा. (त्या कामाला पॅकेज लागतच नव्हतं. जावास्क्रिप्टमधल्या इंटल सुविधेला मराठी महिने आणि वार येतात.)

दुसरी वाट विश्वासाची, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती हिची. इव्हेंट-स्ट्रीम लिहिणारे डॉमिनिक टार ते पॅकेज स्वतः वापरत नव्हते, फुकट सांभाळत होते. कुणीतरी मदतीला आला, चांगला वाटला, त्याला अधिकार दिले. त्यानंच फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे घातक पॅकेज आत घातलं. एक्सझेड या लिनक्समधल्या घटकाबाबत २०२४ साली हेच झालं, फक्त तिथं 'जिया टॅन' नावानं वावरणाऱ्यानं विश्वास कमवायला दोनेक वर्षं घालवली होती. एसएसएचच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं खोदून काढलं म्हणून जग वाचलं. जगभरच्या कंपन्या ज्यावर उभ्या आहेत ते एकेकटी दमलेली माणसं रात्री घरी बसून सांभाळतात. तुमच्या अॅपला लागणाऱ्या दोन-तीन पॅकेजांच्या लेखकांना वर्षाला थोडे पैसे पाठवा, निदान एखादी चूक दुरुस्त करून द्या. हा सुरक्षेचाच खर्च आहे.

तिसरी वाट, खऱ्या लेखकाचंच खातं पळवणं. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या पॅकेजचं तसं झालं. ८ सप्टेंबर २०२५ ला तर चॉक, डिबग यांच्यासह १८ पॅकेजांमध्ये घातक कोड आला. लेखकाला एनपीएमसारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून मेल आला होता, टू-फॅक्टर अद्ययावत करा म्हणून. त्यानं पासवर्डही दिला आणि सहा आकडी कोडही. आठवड्याला मिळून २०० कोटींहून अधिक वेळा उतरणारी ती पॅकेजं होती. सुमारे दोन तासांत प्रकार पकडला गेला. यावरून एक गोष्ट तुमच्यासाठी: मोबाइलवरचा सहा आकडी कोड फसवून काढून घेता येतो. गिटहब आणि क्लाउडला हार्डवेअर की किंवा पासकी लावा. ती खोट्या पत्त्यावर चालतच नाही.

एक वाट खास आपल्या पोरांसाठी सांगतो. परदेशी कंपनीच्या नावानं नोकरीची मुलाखत येते, पगार भरघोस, आणि 'हा छोटा प्रोजेक्ट उतरवून चालवून दाखवा' असं सांगतात. त्या प्रोजेक्टच्या आतच चोरी करणारं पॅकेज असतं. उत्तर कोरियाशी जोडलेल्या टोळ्या निदान २०२३ पासून हे करताहेत. इथल्या कॉलेजांतून बाहेर पडून नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना, आणि नोकरीत असून गुपचूप दुसरीकडं बघणाऱ्यांनाही, हे कुणीतरी सांगायला हवं. मुलाखतीतला कोड ऑफिसच्या लॅपटॉपवर कधीही चालवायचा नाही.

आता साहेबांचा मुद्दा. अपडेट बंद करणं चूक आहे, पण त्यांच्या भीतीत एक खरी गोष्ट आहे: घाईनं अपडेट करणं घातक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या घटकाचं भोक उघडं पडलं तेव्हा ज्यांना अपडेटची सवयच नव्हती त्यांचे फार हाल झाले. म्हणून मी दोन रांगा करतो. साधं अपडेट किमान सात दिवस जुनं झाल्याशिवाय घ्यायचं नाही. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर सूचना वाचून, माणसानं ठरवून, त्याच दिवशी घ्यायची. चॉकचा प्रकार दोन तासांत पकडला गेला, यूए-पार्सरचा काही तासांत. सात दिवस थांबणाऱ्याच्या दारापर्यंत ते आलेच नाहीत. जेलीफिशच्या नकलेला हा उपाय चालला नसता हे खरं, पण फुकटात मिळणाऱ्या उपायांत याच्याइतका गुणकारी मला दुसरा माहीत नाही. एनपीएमऐवजी वापरता येणाऱ्या पीएनपीएम या साधनात सप्टेंबर २०२५ पासून यासाठी 'मिनिमम रिलीज एज' ही सेटिंग आहे. ती मिनिटांत लिहायची, सात दिवसांचे १००८० होतात. पीएनपीएमच्या दहाव्या आवृत्तीपासून अवलंबित पॅकेजांच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट आपोआप चालतही नाहीत, तुम्ही नाव घेऊन परवानगी द्यावी लागते. एनपीएमवरच राहायचं असेल तर 'इग्नोर-स्क्रिप्ट्स' चालू करा. एखाद-दुसरं पॅकेज अडेल, तेवढ्याला हातानं वाट द्या. चॉकमधल्या कोडला मात्र इन्स्टॉल स्क्रिप्टची गरजच नव्हती, तो ब्राउझरमध्ये चालायचा. तेव्हा एकाच उपायावर विसंबू नका.

लॉकफाइलचं महत्त्व साहेबांना पटवायचं असेल तर उद्यमनगरातलं उदाहरण द्या. तिथल्या फाउंड्रीतून निघणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडं एक नग फुटला, तर त्या नंबरावरून कुठल्या दिवशीच्या कुठल्या भट्टीतला रस होता, स्पेक्ट्रोचा (धातूतल्या घटकांच्या तपासणीचा) रिपोर्ट काय होता, त्याच रसातले बाकीचे नग कुठं गेले, हे सगळं काढता येतं. हीट नंबर लोखंड चांगलं करत नाही, पण तो नसेल तर सगळाच माल संशयात जातो. लॉकफाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन आणि हॅश (त्यातल्या मजकुराचा ठसा) असतो, तो तुमचा हीट नंबर. ती गिटमध्ये ठेवा, तिच्यातला प्रत्येक बदल दुसऱ्या माणसानं वाचल्याशिवाय पुढं जाऊ देऊ नका, आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा. लॉकफाइल जुळली नाही तर ते काम थांबवतं. पायथन वापरत असाल तर पिप या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाला हॅश सक्तीचे करता येतात, आणि शक्य तिथं व्हील (आधीच बांधून तयार असलेलं पॅकेज) घ्या, कारण सोर्स पॅकेज बांधताना त्यातला कोड चालतो.

आणि खऱ्या डेटाबेसची चावी डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असताच कामा नये. हे एक केलं असतं तर वरचा खाते क्रमांकांचा अख्खा परिच्छेद मला लिहावा लागला नसता.

त्या सहकाऱ्याला रागावू नका. त्यानं गुरुवारी परत जाऊन बघितलं आणि सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर तुम्हाला कळायला पुढचं बिल उजाडलं असतं.

संस्थांच्या सचिवांना मात्र आजच फोन करा, मेल नको. सोमवारी काय झालं, कुठल्या चाव्या बदलल्या, खाते क्रमांकांची तपासणी कधी पूर्ण होईल, आणि तोवर बिल बँकेला पाठवू नका, एवढंच सांगायचं. दुपारी चारच्या आत करा, त्यानंतर ते संध्याकाळच्या संकलनाला काट्यावर असतात.